घराण्याची जीभ

सही जेवणानंतर करायची असं ठरलं होतं. एरवी तीन-तीन तास जेवणारा एलादिओ व्हेर्देसिया त्या रविवारी मात्र कधी एकदा ताटं उचलली जातात याची वाट बघत होता.

त्याला ऐंशी वर्षं पुरी झाली होती. सकाळी तो नेहमीसारखा पुढच्या खोलीतल्या बाकावर बसला आणि वाढदिवसाचा एक चिरूट वळला. एकच. पान ओलसर हवं, हात कोरडा हवा आणि मन रिकामं हवं. पान तर ओलसर होतं, हातही कोरडा होता. मन मात्र आज ऐकत नव्हतं. त्याचे आजोबा क्युबातून बोटीनं टँपा बंदरात आले ते काखेत एक वळकटी आणि खिशात पान कापायची चंद्राकार सुरी घेऊन. त्यांच्या नावाची सोनेरी पट्टी, ‘फ्लोर दे व्हेर्देसिया’, एके काळी दिवसाला चार हजार चिरुटांवर चढत असे. आता विटांनी बांधलेल्या त्यांच्या चिरूट-कारखान्यात वकील बसतात. नाव उरलंय ते या एका बाकापुरतं, आणि बाकावर बसणारा ऐंशीचा.

रिगोबेर्तो, त्याचा मुलगा, या बाकावर टिकला नाही. हात गरम त्याचे. पान त्याच्या बोटांत सुकायचं, चिरा पडायच्या. पंधराव्या वर्षी एलादिओनं त्याला सगळ्या कामगारांसमोर उठवलं आणि म्हणाला, “तू गाड्या धू.” त्या दिवसाबद्दल पुढे पस्तीस वर्षं बापलेकांत एक शब्द झाला नव्हता.

आणि आता रिगोनंच वाट काढली होती. आर्मेनिया रस्त्यावर त्याचं वेपचं दुकान होतं, चांगलं चाललेलं. विजेवर तापणारी नळी, तिच्यात सुगंधी अर्क, ओढली की वाफ. पेरू, नारळ, दुधाची कॉफी, असे आपल्या स्वयंपाकघरातले वास त्यानं बाटल्यांत भरून घेतले होते. बाटलीवर एलादिओच्या हातांचं चित्र आणि वर सोनेरी अक्षरांत घराण्याचं नाव. हव्या होत्या त्या फक्त बापाच्या सहीच्या दोन रेघा. चार वाजता अख्खी गल्ली कॉफीला यायची होती, तेव्हा बातमी सांगायची.

एलादिओला वेप आवडत होतं असं नाही. त्याच्या घरात एकविसाव्या वर्षाआधी कुणी चिरूट ओठाला लावत नसे. लावला तरी धूर तोंडात घोळवायचा, चव घ्यायची, सोडून द्यायचा. छातीत धूर ओढणारा तो सिगरेटवाला, आणि सिगरेट म्हणजे कारखान्याच्या केरातली चूर कागदात गुंडाळलेली. वेपविषयी कुणी विचारलं तर तो हसायचा. “त्यात पान कुठंय? पान नाही तर तंबाखू नाही. खेळणं आहे ते.”

खेळणं तर खेळणं, पण नाव चालणार होतं. आपण गेल्यावरही कुणाच्या तरी ओठांवर ते असणार होतं. त्यानं चिरूट खाली ठेवला आणि आरशात बघून मिशा विंचरल्या.

*

मागच्या बाजूला स्वयंपाकघरात मिरेया युका या कंदाचे तुकडे लसणाच्या रसात घोळवत होती आणि आईकडे बघायचं टाळत होती.

रिगोची ही धाकटी बहीण शाळेची बस चालवायची. सीटखाली पडलेली वेपची कांडी तिला आठवड्यातून दोनदा तरी सापडायची. म्हणूनच शुक्रवारी धुवायच्या कपड्यांत, आपल्या मुलीच्या, दारिएलाच्या जीन्सच्या खिशात, पेरूच्या गरासारखी गुलाबी चपटी कांडी हाताला लागली तेव्हा तिला ती काय आहे ते कुणी सांगायला नको होतं. मुलगी सतरा वर्षांची. शाळेत पहिली. घराण्यात गाणारी तीच एकटी.

तिनं कांडी होती तिथंच ठेवली. पोरीला विचारलं नाही. शाळेतल्या कुणीतरी मैत्रिणीनं दिली असणार, असं तिनं ठरवून टाकलं. असलं काही बाहेरूनच येतं. आपल्या घरातली माणसं शिस्तीची.

आज मात्र राहवेना. तिनं हळू आवाजात आईला सांगितलं.

आईचा, ओब्दुलियाचा, डाव काळ्या घेवड्याच्या पातेल्यात तसाच थांबला. मग ती म्हणाली की पोरीच्या अंगाला पेरूचा वास तर तिला केव्हापासून येतोय, नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्याही आधीपासून. “मला वाटलं, पेरूच्या पेस्ट्र्या हाणतेय. म्हटलं बरं झालं, हातापायांच्या काड्यांना जरा मांस चढेल.”

मिरेयाला हसू आलं आणि लगेच डोळे भरले. सिगरेट असती तर दारातच कळलं असतं, ती म्हणाली. धुराला नाक ओळखतं. हा तर आपल्याच फडताळातला वास.

आईनं तिच्या हातातला वाडगा काढून घेतला. ती आज रिगोच्या बाजूची होती, आणि ते लपवतही नव्हती. रिगोची बायको नेरेइदा वीस वर्षं सिगरेट ओढत होती, ती या वाफेवर येऊन सुटली. हे ओब्दुलियानं डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि दुसरं, जे ती फारसं बोलत नसे: पस्तीस वर्षांनी बाप मुलाकडे बघताना मान वर करत होता.

“आज नको,” ती म्हणाली. “उद्या आपण दोघी पोरीला धरू, मी स्वतः धरते. पण आज त्याला सही करू दे. रिगोचा चेहरा बघितलास ना सकाळपासून?”

मिरेयानं बघितला होता. म्हणून तिनं वाडगा परत घेतला आणि युका घोळवू लागली.

*

अॅव्होकाडोच्या झाडाखाली टेबल मांडलं होतं. रिगोनं इस्त्रीचा पांढरा ग्वायाबेरा शर्ट घातला होता, आणि खिशातल्या कागदाला घडी पडू नये म्हणून तो जरा ताठच बसला होता. भाजलेलं डुक्कर संपलं, फ्लानच्या, म्हणजे कॅरामेल कस्टर्डच्या, वाट्या आल्या, तेव्हा तो उठला.

बोलायचं त्यानं पाठ केलं होतं, पण बाप समोर बसल्यावर सगळं विसरला आणि नुसतं मनात होतं ते बोलला. म्हणाला, माझे हात गरम निघाले, त्यात माझा दोष नाही आणि पप्पांचाही नाही. पण वास आणि चव मला कळतात. या बाटल्यांतलं काहीही मी बाजारातून उचललेलं नाही. आजोबांच्या वेळेपासून या घरात जी रीत आहे ती मी पाळली आहे. नवं मिश्रण निघालं की ते घरातल्या सगळ्यात चांगल्या जिभेपुढे ठेवायचं. तिनं हो म्हटलं तरच पट्टी चढवायची. आधी आजी होती, मग आई.

“आणि आता आमची दारिएला,” तो म्हणाला, आणि भाचीच्या खांद्यावर हात ठेवला. “एकवीस अर्क तिच्यापुढे ठेवले. बारा तिनं टाकून दिले. पेरूचा तर चार वेळा परत पाठवला. म्हणे, मामा, हा डब्यातला पेरू आहे, आजीच्या परसातला आण.”

एलादिओनं टेबलावर थाप मारली. त्याचा चेहरा उजळला होता. “माझ्या आईची जीभ आहे ती. बरोबर तीच.”

दारिएला वाटीतल्या फ्लानकडे बघत होती.

मिरेयानं चमचा खाली ठेवला. रिगोला तो आवाज ऐकू आला, आणि बहिणीचा चेहरा दिसला, आणि त्यानं भाचीच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

“कधीपासून?” तिनं विचारलं.

“गेल्या उन्हाळ्यापासून. अगं, पण ते नुसतं…”

“निकोटिन होतं त्यात?”

आधी नव्हतं, रिगोनं सांगितलं. पण त्याशिवाय चव उघडत नाही. गिऱ्हाईक ज्यातून ओढणार त्यातूनच चाखायला हवं ना. आणि हे दारिएलानंच त्याला सांगितलं होतं. तिची जीभ इतकी बारीक होती म्हणूनच तर.

“ती सोळा वर्षांची होती, रिगो.”

“चिरूट दिला का मी तिला? एक पानसुद्धा दिलं नाही. पप्पांचा नियम मी मोडेन? तंबाखूला हात लावून बघ म्हणालो असतो तर तू जाब विचारणं बरोबर होतं. यात तंबाखू नाही.” आणि मग, सवयीनंच, त्यानं बापाकडे बघितलं. “पप्पाच म्हणतात. पान नाही तर तंबाखू नाही.”

यानंतर भावाबहिणीत जे झालं ते शेजारच्या तीन परसांत ऐकू गेलं. नेरेइदाचं नाव निघालं, मिरेयाच्या मोडलेल्या लग्नाचं निघालं, कुणी कुणाची गाडी किती वर्षं वापरली तेही निघालं. आईनं मुलाचा हात धरला होता. मग मध्येच कधीतरी तो सोडून ती मुलीच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. रिगोनं ते बघितलं. बहिणीच्या कुठल्याच शब्दानं तो इतका दुखावला नव्हता.

*

दारिएलाला वाटत होतं, आता कुणीतरी आपल्याला विचारील. कुणीच विचारत नव्हतं. सगळे तिच्याबद्दल बोलत होते.

तेवढ्यात आजोबांनी भिंतीवरची गिटार काढली. घरात भांडण पेटलं की त्यांची ही जुनी युक्ती. आधी पद, मग भांडण. वाढदिवसाला पद होणारच होतं. कुणीतरी शेवटची ओळ द्यायची आणि गाणाऱ्यानं मागच्या नऊ ओळी तिथल्या तिथं जुळवत त्या ओळीवर येऊन उतरायचं. दहा ओळी, आठ-आठ अक्षरांच्या. चौथ्या ओळीनंतर श्वास घ्यायचा, आणि मग पुढच्या सहा एका दमात. आजोबांनी तिला हे शिकवलं तेव्हा ती सात वर्षांची होती.

“ओळ दे, रिगो,” आजोबा म्हणाले. “आजचा मान तुझा.”

मामानं खिशातला कागद चाचपला. त्याचा आवाज बसला होता. “चार पिढ्यांचं हे नाव,” तो म्हणाला.

दारिएला उठली. खिशातली कांडी मांडीला लागत होती. सकाळी नऊनंतर तिनं ती ओढली नव्हती आणि बोटं आतल्या आत थरथरत होती. तिला दोन पदं सुचत होती. एक सोपं होतं. आजोबा, सोनं, पट्टी, टाळ्या. ते म्हटलं असतं तर चार वाजेपर्यंत सगळं निभावलं असतं. तिनं मामाकडे बघितलं. या माणसानं तिला सायकल शिकवली होती. त्यानं कांडी पुढे केली होती ती खाऊ द्यावा तशी, आणि म्हणाला होता, या घरात आता तुझ्याएवढी जीभ कुणाची नाही. त्याला नाही कसं म्हणायचं असतं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

तिनं सुरुवात केली.

ओलं पान, ऊन दार,
आजी काढी शीर हळू,
पान लागे तिला कळू,
सुरी तिची चंद्राकार.

इथं श्वास घ्यायचा होता. तिनं त्याआधीच, दुसऱ्या ओळीवरही, एक चोरून घेतला होता. ती पुढे गेली.

जिभेवर सारा भार,
मामा म्हणे, जीभ लाव,
छातीमध्ये त्याचा ठाव,

आणि दम संपला. खोकला नाही, काही नाही. नुसता शब्दांखालचा वारा गेला. आजोबांची बोटं त्याच सुरावर फिरत राहिली, तिची वाट बघत. आई अर्धी उठली. दारिएलानं हातानं तिला थांबवलं, दोन वेळा श्वास घेतला, आणि उरलेल्या तीन ओळी गायल्या नाहीत, सांगितल्या.

उठता मन मागतं,
त्यावर कसं शोभतं
चार पिढ्यांचं हे नाव.

गिटार थांबली.

“मी सोडून बघितलंय,” ती म्हणाली. “तीनदा. चार दिवसांच्या वर जमत नाही. मामानं मला फसवलं नाही, आई. मला अभिमान वाटत होता. तुम्ही सगळे मला घराण्याची जीभ म्हणत होता ना, मला तेच व्हायचं होतं.”

तिनं कांडी काढून टेबलावर ठेवली. ओब्दुलियानं ती उचलली, नाकाशी नेली आणि पुन्हा खाली ठेवली.

“माझाच पेरू,” ती म्हणाली, आणि खुर्चीत बसली.

*

एलादिओला एवढंच आठवत होतं की गेले कित्येक महिने पोरगी दर दुसऱ्या ओळीला श्वास घेत होती. त्याला ते ऐकू आलं होतं. पदाचा श्वास चुकला आणि त्याला कळलं नाही, असं आयुष्यात झालं नव्हतं. पण त्याला वाटलं, नव्या पोरांची ढब असेल. त्यानं नेरेइदाला ती चुकीची ढब कौतुकानं ऐकवलीसुद्धा होती.

आणि पान नाही तर तंबाखू नाही. किती वेळा म्हणाला असेल तो हे? नाक वर करून. पानाचा एवढा गर्व, की पानाखेरीज दुसरं काही माणसाला धरून ठेवू शकतं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्यानं घराला नियम दिला होता, आणि नियमाला दारही त्यानंच ठेवलं होतं. रिगो त्या दारातून आत आला तो आज्ञाधारक मुलासारखा, रीत पाळत.

मुलगा उभाच होता. पांढऱ्या शर्टाला काखेत ओल आली होती. पंधराव्या वर्षी तो असाच उभा होता, हात मागे लपवून. आणि सगळे कामगार बघत होते. आताही सगळे बघत होते. एलादिओला कळत होतं की आपण नाही म्हटलं तर तो मुलगा दुसऱ्यांदा बाकावरून उठेल, आणि या वेळी घराबाहेरही जाईल.

“रिगो, बस,” तो म्हणाला. “इथं. माझ्याशेजारी.”

रिगो बसला.

एलादिओनं खिशातून चष्मा काढला, कागद मागून घेतला, उलगडून समोर ठेवला. पेन उघडलं. मिरेया काहीतरी बोलू लागली, तिला त्यानं नजरेनंच गप्प केलं.

“चूक आधी माझी,” तो म्हणाला. “नियम मी अर्धाच सांगितला. छातीत नेऊ नका म्हणालो, पण ते फक्त पानापुरतं म्हणालो. त्याचा दोष तू एकट्यानं घेऊ नकोस. नेरेइदा सुटली, तेही खरं आहे. ते मी विसरत नाही.” त्यानं पेन मुलाच्या हातात दिलं आणि कागद त्याच्याकडे सरकवला. “नाव माझं एकट्याचं नाही. माझ्या बापानं ते मला दिलं, मी तुला देतोय. आज, या क्षणापासून ते तुझं. आता तू सांग. पुढचा अर्क निघाला की तो कुणाच्या जिभेपुढे ठेवणार? कुणीतरी पोरगी पुढे येईलच, नाव वाचून. हे चालत असेल तर तू हो म्हण, मी सही करतो. मागाहून एक शब्द बोलणार नाही.”

रिगोनं पेन धरलं. त्याच्या गरम, जाड बोटांत ते फार बारीक दिसत होतं. त्याला हे नाव किती हवं होतं ते टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. दुकानावर पाटी लावायची जागा त्यानं वर्षभर मोकळी ठेवली होती. दुपारी झोपेतसुद्धा तो ती अक्षरं रंगवायचा, असं नेरेइदा सांगायची. त्यानं कागदावरच्या बापाच्या हातांच्या चित्राकडे बघितलं, मग भाचीच्या हातांकडे. ती ते मांडीखाली दाबून बसली होती, थरथर दिसू नये म्हणून.

“दुकान मी बंद करणार नाही,” तो शेवटी म्हणाला. “नेरेइदासारखी माणसं येतात तिथं. त्यांच्यासाठी ते हवंय.”

“मी विचारलं नाही ते.”

“नाव नाही लावणार.” त्यानं पेनाला टोपण लावलं. “आणि पेरू, नारळ, कॉफी, सगळं काढतो. आईच्या परसातलं काही नको त्यात.” मग तो दारिएलाकडे वळला. तीच उठून त्याच्याजवळ गेली. त्यानं तिच्या पोटाशी कपाळ टेकलं, लहान मूल टेकवतं तसं, आणि ती त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मग खुर्ची ओढून मिरेया भावाच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली, आणि उद्या दवाखान्यात दहाची वेळ घेते, तू गाडी काढ, एवढंच म्हणाली. तो हो म्हणाला.

चार वाजले. ओब्दुलियानं तोंड धुतलं, कॉफीचं मोठं भांडं चढवलं. गल्ली येऊ लागली. समोरचा सेव्हेरिनो, एके काळचा एलादिओचा कारखान्यातला जोडीदार, काठी टेकत सगळ्यांच्या पुढे आला. पस्तीस वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी तो पलीकडच्याच बाकावर होता. रिगो खाली बघू लागला.

सेव्हेरिनोनं ऐंशी वर्षांच्या मित्राला मिठी मारली, पेला घेतला आणि मोठ्यानं विचारलं, काय मग, झाली का सही, कधी बघायचं नाव पाटीवर?

एलादिओ उठला. टेबलाला धरून, सावकाश, पुरता ताठ होईपर्यंत. सगळी गल्ली ऐकत होती.

“मी तयार होतो,” तो म्हणाला. “माझ्या मुलानं नको म्हटलं.”

आणि हे त्यानं त्याच आवाजात सांगितलं, ज्या आवाजात दुसरे बाप मुलगा डॉक्टर झाल्याचं सांगतात. सेव्हेरिनोला काही कळलं नाही. पण त्यानं रिगोकडे बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली.